गावच्या प्लॅस्टिकसाठी स्मार्ट यंत्रणा: आधी काटा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न असा आहे: सांवेरकडे तुमची वडिलोपार्जित शेती आहे, तुम्ही स्वतः इंदूरला राजेंद्र नगरात राहता आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करता. शेताच्या आसपासच्या चार गावांचं प्लॅस्टिक गोळा करून रीसायकलिंगला पाठवायचं आहे. कंपनीच्या सामाजिक निधीतून थोडी रक्कम मिळेल असं दिसतंय. तुमच्या आराखड्यात सेन्सरवाल्या वीस कचराकुंड्या, प्रत्येक घराच्या दारावर क्यूआर कोड, एक मोबाईल ॲप आणि बाटली टाकली की पैसे देणारं एक यंत्र आहे. यातलं काय चालेल, असं तुम्ही विचारलंय.

कुंड्या आणि बाटलीचं यंत्र काढून टाका. दारावरचे क्यूआर कोड पहिलं वर्ष थांबवा. ॲप ठेवा, पण ते घरमालकांसाठी नको, शेडमध्ये प्लॅस्टिक वेगळं करायला बसणाऱ्या बायकांसाठी करा. आणि जो पैसा वाचेल तो वजनकाट्यावर लावा. मी अठरा वर्षं सुक्या कचऱ्याचं काम करते. पहिली काही वर्षं शहरात केलं, नंतर महू, देपालपूर आणि सांवेरच्या गावांत. त्या अनुभवावरून हे ठामपणे सांगते आहे. कारणं मात्र सविस्तर लिहिते, कारण हा आराखडा तुम्हाला निधी देणाऱ्यांपुढेही मांडायचा आहे.

आधी कुंड्यांचं बोलू. २०१७ साली इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. लोकांना वाटतं हे यंत्रांमुळे झालं. आपण इंदूरकर जाणतो, की झालं ते घरोघरी येणाऱ्या गाडीमुळे आणि घरातच वेगळा केलेल्या कचऱ्यामुळे. शहरानं रस्त्यांवरच्या सार्वजनिक कुंड्या उचलून टाकल्या, कारण कुंडी आली की तिच्याभोवती उकिरडा आलाच. जे शहरानं काढून टाकलं ते आपण सेन्सर लावून गावात न्यायचं का?

महूजवळच्या एका गावात देणगीतून अशा पाच कुंड्या बसल्या होत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला अल्ट्रासोनिक सेन्सर होता. तो ध्वनिलहरी खाली सोडतो, त्या परत यायला किती वेळ लागतो त्यावरून कचरा किती वर आलाय ते मोजतो. प्रयोगशाळेत हे छान चालतं. गावात एखादी पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पिशवी, हवेनं फुगून वर अडकली की कुंडी भरल्याचा संदेश जायचा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा सेन्सरच्या तोंडाशी बसायचा, पावसाळ्यात कोळ्यांची जाळी. गाडी ओढणाऱ्या बाईच्या फोनवर रात्री-बेरात्री संदेश यायचे. दुसऱ्या महिन्यापासून तिनं ते बघणंच सोडलं, आणि तिचं बरोबर होतं. तिची गाडी एक दिवसाआड त्या गल्लीतून जातच होती. कुंडी भरली की नाही हा प्रश्न त्या गावाला पडलेलाच नव्हता.

मग गावाला कोणता प्रश्न पडलेला असतो? पन्नी हलकी असते, मळकी असते, मिसळलेली असते, आणि विकत घेणारा दूर असतो. दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी दोन-अडीच ग्रॅमची. म्हणजे एक किलो व्हायला चारशे ते पाचशे पिशव्या लागतात. एवढ्या गोळा करून, धुऊन, वाळवून ठेवल्या आणि घेणाऱ्यानं "माल ओला आहे, इतकी घट" असं म्हटलं, की दिवसभराची मेहनत गेली. गावातली प्लॅस्टिकची कामं जिथे बंद पडलेली मी पाहिली, तिथे बहुतेक ठिकाणी ती या घटीवर, या अविश्वासावर बंद पडली.

आमच्याबरोबरही हे झालं. एका पावसाळ्यात आम्ही टेंपो भरून माल पाठवला. आमच्या शेडमधल्या वजनात आणि घेणाऱ्याच्या काट्यावरच्या वजनात इतका फरक निघाला, की टेंपोचं भाडं आमच्याच अंगावर आलं. आमच्याकडे होती ती वहीतली पेन्सिलची नोंद. घेणारा म्हणाला, तुमचा काटाच चुकतो. तो म्हणाला ते खोटं होतं हे दाखवायला आमच्या हातात काही नव्हतं. आमच्या महिला समूहातल्या दोघी त्या महिन्यानंतर पुन्हा शेतमजुरीला गेल्या. मला आजही त्याची खंत आहे. दोष त्यांचा नव्हता, आम्ही त्यांच्या हातात पुरावा दिला नव्हता.

आता गावातलीच दुसरी एक जागा बघा: दूध डेअरी. सकाळी सहाला बाई बरणी घेऊन येते. दूध मापलं जातं, चमचाभर दूध फॅटच्या यंत्रात जातं, समोरच्या पडद्यावर लिटर, फॅट, दर आणि रक्कम दिसते, चिठ्ठी हातात पडते. पुढे ठरल्या दिवशी चुकारा होतो. संगणक, सेन्सर, छपाई यंत्र सगळं तिथे आहे, पण गावात कुणी त्याला स्मार्ट म्हणत नाही. ते यंत्र गावानं मनापासून स्वीकारलं, कारण ते बाईच्या डोळ्यांदेखत मोजतं आणि तिच्या हातात कागद देतं. मालव्यातल्या गावांना या व्यवहाराची सवय आहे. आपल्याला प्लॅस्टिकसाठी तेच उभं करायचंय. लिटरच्या जागी किलो आणि फॅटच्या जागी मालाची स्वच्छता.

काटा घेताना एक चूक टाळा. तुमच्यासारख्या तांत्रिक माणसाला मोह होईल, की चार लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) आणि एक ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणक) आणून काटा आपणच बनवू. शिकण्यासाठी जरूर बनवा. पण ज्या काट्यावर पैशांचा व्यवहार होतो तो वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच लागतो आणि त्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. घरगुती काट्यावरचं वजन घेणारा एका वाक्यात उडवून लावेल. म्हणून बाजारातला शिक्क्याचा, शंभर किंवा दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा घ्या. तो आकडा बाहेर पाठवणारा आरएस-२३२ पोर्ट किंवा ब्लूटूथ असलेला घ्या आणि तुमची कारागिरी त्या पोर्टच्या पुढे सुरू करा. काट्यावरचा आकडा फोनमध्ये आपोआप गेला पाहिजे, हातानं टाकायला लागता कामा नये. हातानं टाकलेला आकडा पुन्हा वादाला जागा देतो.

ॲप इंटरनेटशिवाय चाललंच पाहिजे. नोंद फोनमध्ये साठावी, रेंज मिळेल तेव्हा वर जावी. पडद्यावर लिहिलेलं कमी, चित्रं आणि रंग जास्त, आणि आकडा मोठ्यानं बोलून दाखवायची सोय. आमच्या शेडमध्ये हा आवाज सुरू केल्यापासून वजनाच्या वेळी चौघी जणी जमतात, कारण आकडा सगळ्यांच्या कानावर पडतो. चिठ्ठी छापणारा छोटा थर्मल प्रिंटर ठेवा, पण एवढ्यावर विसंबू नका. थर्मल कागदावरची अक्षरं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उडून जातात. कार्बन कागदाची जुनी वही बरोबर असू द्या. आणि हो, फोन समूहाच्या नावावर आणि शेडमध्ये काम करणाऱ्या दीदीच्याच हातात राहील हे पहिल्या बैठकीत ठरवून घ्या. तो घरी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात गेला, की नोंदी संध्याकाळी अंदाजानं भरल्या जातात.

आता फॅटच्या यंत्राची जागा कोण घेणार? इथे तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेचा कॅमेरा सुचवलाय. तुम्ही एकदा दुपारी तीनच्या सुमारास शेडमध्ये येऊन बसा. दीदी कट्टा (पोतं) उलटा करते, एक पन्नी उचलते, मुठीत चुरगाळते आणि न बघता बाजूला टाकते. कडकड वाजली तर एचएम (जास्त घनतेचं पॉलिएथिलिन) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलिन), मऊ राहिली आणि आवाज झाला नाही तर एलडी (कमी घनतेचं पॉलिएथिलिन), आतून चंदेरी निघाली तर वेफर्स-बिस्किटांचं बहुपदरी वेष्टन. एका पन्नीला दोन सेकंदही लागत नाहीत. कॅमेरा रंग आणि आकार बघतो. मळलेली, चुरगाळलेली पन्नी कोणत्या पॉलिमरची, म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, आहे हे त्याला कळत नाही.

पॉलिमर ओळखायला निअर इन्फ्रारेड लागतो. तो प्लॅस्टिकवर अवरक्त प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखतो. हातात धरायचं यंत्रही मिळतं, पण त्याची किंमत लाखांत जाते आणि काळ्या प्लॅस्टिकपुढे ते हतबल होतं, कारण काळ्या रंगातला कार्बन तो प्रकाश गिळून टाकतो. आपल्या गावांत काळं काय काय असतं? पिकाभोवती जमिनीवर अंथरायच्या मल्चिंग फिल्मची एक बाजू, ठिबकच्या नळ्या, नर्सरीच्या पिशव्या. म्हणजे जिथे शेतीचं प्लॅस्टिक जास्त, तिथेच हे यंत्र आंधळं. देवगुराडियाला, म्हणजे इंदूरच्या कचरा प्रकल्पावर, शहराचा रोजचा शेकडो टन सुका कचरा येतो, तिथे यंत्रानं वर्गवारी परवडते. चार गावांच्या मालाला ती परवडणार नाही.

त्याऐवजी पाण्याचं एक टब ठेवा. पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पेट (बाटल्यांचं प्लॅस्टिक) आणि पीव्हीसी (पाइपचं प्लॅस्टिक) बुडतं. टणक तुकड्याबद्दल शंका आली की कोपरा कापून पाण्यात टाकायचा. एक धोका मात्र लक्षात घ्या. पेट आणि पीव्हीसीची घनता जवळजवळ सारखी असल्यानं टब त्या दोघांत फरक करू शकत नाही. आणि पेटच्या लॉटमध्ये थोडं जरी पीव्हीसी गेलं तरी पेट वितळवण्याच्या तापमानाला ते जळून आम्ल सोडतं, अख्खा दाणा पिवळा पडतो. म्हणून पाइपचे तुकडे, केबलचं आवरण, जुन्या चपला बाटल्यांच्या ढिगाकडे फिरकूही द्यायच्या नाहीत.

कॅमेऱ्याचा उपयोग दुसरीकडे आहे. प्रत्येक गठ्ठा बांधला की त्याचा फोटो काट्यावरच्या आकड्यासकट घ्या आणि त्या गठ्ठ्याला क्रमांक द्या. क्यूआर कोड लावायचाच असेल तर तो इथे लावा, घराच्या दारावर नको. तीनशे घरांच्या गावात गाडीवाल्या दीदीला प्रत्येक घर पाठ असतं. दारावर स्कॅन करायला लावलं की ते तिच्यावर पाळत ठेवणं होतं, आणि तिला ते लगेच कळतं. गठ्ठ्यावरचा कोड मात्र तिच्या बाजूनं बोलतो. माल कुठून निघाला, किती किलो होता, कोरडा होता की नाही, सगळं त्यावर. त्या टेंपोच्या प्रसंगानंतर आम्ही तीन गोष्टी पक्क्या केल्या: शेडची चिठ्ठी, गठ्ठ्याचा फोटो, आणि निघताना रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर भरल्या गाडीचं वजन. तेव्हापासून घटीची बोलणी होतात, पण ती कागद समोर ठेवून होतात.

सॉफ्टवेअर येणाऱ्यासाठी खरं काम यापुढे आहे, ते म्हणजे वाहतूक. सुट्या पन्नीनं टेंपो दिसायला भरतो, वजनाला रिकामाच असतो. दाबून गठ्ठे केले की तोच टेंपो कितीतरी जास्त माल नेतो. हायड्रॉलिक प्रेस प्रत्येक गावात नको, एकाच गावी ठेवा. थ्री-फेज वीज कोणत्या गावात किती तास असते ते लाइनमनला विचारूनच जागा ठरवा. मग चारही शेडमधला साठा रोज तुमच्या पडद्यावर दिसला पाहिजे: इथे एलडी इतकी, तिथे बाटल्या इतक्या, एकूण एक गाडी भरेल का, भरेल तर कोणत्या क्रमानं फेरा मारायचा. दुधाची गाडी जशी गावोगाव कॅन उचलत जाते तसा. अर्धी गाडी पाठवणं थांबलं, की या कामाचा हिशेब तोट्यातून वर येऊ लागतो. यासाठी सेन्सर लागत नाही. काट्यातून आलेले आकडे बेरीज-वजाबाकी करायला पुरेसे आहेत. दूर पल्ल्याच्या रेडिओ जाळ्याचं, म्हणजे लोराचं, तुम्ही लिहिलंय. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तंत्र चांगलंच आहे. पण चार शेडच्या दिवसाला वीस नोंदींसाठी साधं सिमकार्ड पुरतं.

पंचायतीचं काय, हेही तुम्ही विचारलंय. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले आणि त्यांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली. त्याआधीचे नियम शहरांपुरते होते. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक विकासखंडाला (ब्लॉकला) प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत, आणि गावातल्या घनकचऱ्याच्या कामाला ५,००० पर्यंत लोकसंख्या असेल तर माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद केली गेली. इंदूर जिल्ह्यात इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर अशी चार जनपदं, म्हणजे विकासखंडांच्या पंचायती, आहेत. तेव्हा श्रेडर (प्लॅस्टिक बारीक करणारं यंत्र) आणि प्रेससाठी तुमचा निधी घालण्याआधी जनपद पंचायतीत जाऊन तिथलं केंद्र कुठे आहे, चालू आहे का, त्यावर किती भार आहे, हे विचारा. यंत्र असून माल नाही म्हणून बंद पडलेलं केंद्र मिळालं, तर त्याला माल पुरवणं हेच तुमचं काम. सचिव आणि रोजगार सहायक या दोघांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. सरपंच बदलतात, ते दोघं राहतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आले. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीला तितकं प्लॅस्टिक परत प्रक्रियेला गेल्याची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात. ती प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेला प्रक्रियादारच देऊ शकतो, पंचायत किंवा समूह नाही. पण त्या प्रक्रियादाराला हिशेबाचा, मूळ ठिकाण सांगता येणारा माल हवा असतो. तुमच्या गठ्ठ्यावरचा क्रमांक इथे कामाला येतो. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, माल दिला तर फक्त भंगाराचा दर मिळतो. नोंदणी असलेल्याकडे नीट कागदांसह गेलात तर बोलणी करायला जागा राहते. अटालेवाल्याला मात्र शत्रू समजू नका. बाटल्या, बादल्या, डबे तो पिढ्यानपिढ्या नेतोय आणि ते तो चांगलं करतो. म्हणूनच बाटलीचं यंत्र काढायला सांगितलं. त्याला लागत नाही ती पन्नी तुमची.

आणि ज्या चंदेरी वेष्टनांना कुणीच दर देत नाही, त्यांचं काय? त्यांच्यापासून कमाई होईल असं समूहाला कधीही सांगू नका. ती सिमेंटच्या भट्टीत जातात, तिथलं तापमान १,४०० अंशांच्या वर असतं. स्वच्छ पन्नी बारीक करून डांबरी रस्त्यातही जाते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली: तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा थर चढवायचा आणि मग डांबर. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि रस्त्यांच्या या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका २०१३ साली आली. यात पीव्हीसी अजिबात चालत नाही. या मालाच्या वाहतुकीचा खर्च घरोघरच्या मासिक शुल्कातून काढावा लागतो. तो आकडा ग्रामसभेत उघडपणे मांडा. लोक देतात, हिशेब दिसला तर.

कीटकनाशकाच्या बाटल्यांबद्दल मी कडक आहे. त्या बाकीच्या मालात कधीच मिसळायच्या नाहीत. शेतातच तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतून, बाटलीला भोक पाडून, वेगळ्या बंद ड्रममध्ये, हातमोजे घालून. एका बाटलीच्या वासानं दीदींना दुपारभर डोकेदुखी झालेली मी पाहिली आहे. त्या ड्रमवर लाल रंग द्या आणि ॲपमध्ये त्याचं चित्रही लालच ठेवा.

आता सुरुवात. काहीही विकत घेण्याआधी एका गावात चौदा दिवस नुसतं वजन करा, साध्या काट्यावर, प्रकारानुसार सहा ढीग करून. आणि एक लक्षात असू द्या, की गावचा माल महिन्यागणिक बदलतो. जूनमध्ये खताचे आणि बियाण्यांचे कट्टे, जुलैत तणनाशकाच्या बाटल्या, दिवाळीला वेष्टनं, बटाटा आणि लसूण निघाला की जाळीच्या पिशव्या आणि मल्चिंगची फिल्म. फिल्मला निम्मी माती चिकटलेली असते. ती शेतातच उन्हात पसरून झटकून घ्यायची, शेडमध्ये आणून नाही. त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यांवरून प्रेस किंवा गाडी ठरवू नका. चौदा दिवसांची ती वही घेऊन या, मी तुमच्याबरोबर जनपदमध्ये येते. काट्याचा पोर्ट फोनला जोडताना अडलात तर सिमरोलच्या आयआयटीतली मुलं हौसेनं मदत करतील, फक्त त्यांना आधी एक दुपार शेडमध्ये बसवा.